तेरास एक

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लेक्सिंग्टनचं घर विकायला काढलं. मुलं आपापल्या संसारात, आम्ही दोघं सत्तरीच्या पुढे, आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायची हौस केव्हाच फिटलेली. घर विकायचं म्हणजे आधी बेसमेंट रिकामं करायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं काही सांगायला नको. गणपतीचं थर्माकोलचं मखर, मंडळाच्या नाटकांचे मुकुट आणि मिशा, तीन बिघडलेले व्हीसीआर, आणि कागद, कागद, कागद! मदतीला लेक आली होती. दुपारी तिच्या हाताला एक पिवळी पडलेली फाइल लागली. आत तीन पानांचं झेरॉक्स. 'सायन्स' या साप्ताहिकातला डिसेंबर १९८३ चा लेख. त्यातल्या एका वाक्याखाली लाल पेनानं दोनदा रेघ मारलेली.

रेघ माझी होती. वाक्याचा मतलब असा : तेराव्या वर्षाच्या आत गणिताच्या परीक्षेत ७०० च्या वर गुण मिळवणाऱ्यांत एका मुलीमागे तेरा मुलगे आहेत.

लेकीनं वाक्य वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, हे कधीचं?"

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे पुस्तक परीक्षण मागितलं होतं. मी म्हटलं, पुस्तकाऐवजी तीन पानांचं परीक्षण केलं तर चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण वेळेवर द्या. तेव्हा मंडळी, हे त्या तीन पानांचं परीक्षण. बेचाळीस वर्षं उशिरा का होईना.

लेखक दोन : कॅमिला बेन्बो आणि ज्युलियन स्टॅन्ली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले. पहिलं नाव बाईंचं आहे हे मुद्दाम सांगतो, कारण पुरुषांनी बायकांवर केलेला हा हल्ला आहे असं समजून काही जण तो न वाचताच बाजूला ठेवतात. स्टॅन्ली यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक चांगली कल्पना काढली होती. सातवी-आठवीतल्या हुशार मुलांना कॉलेजप्रवेशासाठीची एस.ए.टी. द्यायला लावायची. वर्गातल्या सोप्या परीक्षेत सगळेच हुशार पंच्याण्णवच्या पुढे असतात. अवघड परीक्षा दिली की त्यांच्यातला फरक कळतो. या 'टॅलेंट सर्च'चं आपल्या मंडळींत पुढे काय झालं ते आपण जाणतोच. शाळेतून पत्र आलं की दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात बातमी!

१९८० साली या जोडीनं सुमारे दहा हजार मुलांचे निकाल छापले, तेव्हा गहजब झाला. मुलगे आणि मुली सातवीपर्यंत गणिताचे तेच धडे, त्याच वर्गात शिकतात, तरी वरच्या टोकाला मुलगे जास्त. तेव्हा पुरुषांची गणिती क्षमताच मुळात वरचढ असावी, आणि त्याचा संबंध बहुधा अवकाशज्ञानाशी असावा, या तर्काकडे आपला कल आहे असं त्यांनी लिहिलं. साप्ताहिकांनी त्यातलं 'बहुधा' आणि 'कल' गाळून मथळे केले. १९८३ चा माझा लेख म्हणजे त्याचा पुढचा भाग. चाळीस हजारांच्या आसपास मुलं, मुलगे-मुली जवळजवळ सम प्रमाणात. ५०० च्या वर दोनास एक, ६०० च्या वर चारास एक, ७०० च्या वर तेरास एक. वर पुस्ती अशी, की या फरकाची सुचवली गेलेली काही कारणं आमच्या आकड्यांत बसत नाहीत.

मला तो लेख कंपनीच्या लायब्ररीत मिळाला. रूट १२८ वरच्या एका कंपनीत मी चिप तपासायच्या विभागात होतो, आकडेवारी हेच माझं काम. आमच्या पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्याचं कारण आता 'सायन्स'मध्ये छापून आलं होतं! पुढची आठ-दहा वर्षं जेवणं झाली, बायका आत भांडी घासायला गेल्या आणि आम्ही पुरुष कोचांवर पसरलो, की मी हा तेरास एकचा पत्ता टाकत असे. कोणी वाद घातला तर खाली जाऊन झेरॉक्स आणायचीही तयारी असे.

१९९० साली लेकीलाही टॅलेंट सर्चचं पत्र आलं. बाराव्या वर्षी तिला गणितात ५८० मिळाले. (हा आकडा मी आधी वेगळा लिहिला होता. त्याबद्दल शेवटी.) एका उन्हाळी गणित शिबिराला ती पात्र होती. मी म्हणालो, "मुलीच्या मानानं फारच छान!" आणि शिबिराचे पैसे बघून कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तीन वर्षांनी धाकट्याला ५५० मिळाले. त्याला मी स्वतः गाडीनं तीन आठवड्यांच्या शिबिराला सोडून आलो. तिथं पोचेपर्यंत वाटेत त्याच्याशी अविभाज्य संख्यांवर बोलत होतो हेही मला लख्ख आठवतं.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी कधी पाहिल्याच नव्हत्या. त्या दिवशी बेसमेंटमध्ये पाहिल्या. मग इंटरनेटवर बसून महिनाभर या विषयावर मिळेल ते वाचलं.

आता परीक्षण. आकडे खोटे नाहीत. मोजदाद प्रामाणिक आहे. पण त्याच तीन पानांत आणखी काही आकडे होते, आणि त्यांच्याखाली मी रेघ मारली नव्हती. मुलग्यांची सरासरी ४१६, मुलींची ३८६. मुलग्यांचे गुण जास्त पसरलेले. पाठ्यपुस्तकात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात ते त्यांचं ८७, मुलींचं ७४. शेजारी शेजारी दोन टेकड्या डोळ्यांपुढे आणा, एक जरा उजवीकडे सरकलेली आणि जास्त पसरट. दोन्हींचा बहुतेक भाग एकमेकींवर पडतो. माझ्या हिशेबानं जवळजवळ एक तृतीयांश मुली मुलग्यांच्या सरासरीच्या पुढे होत्या. म्हणजे समोर एक मुलगा आणि एक मुलगी उभी असेल, तर केवळ त्यावरून कोण पुढे हे सांगणं जुगाराच्या जवळ जाणारं. पण टेकड्यांचं अगदी उजवं टोक कापून तेवढंच पाहिलं, तर लहानसा फरकही तिथं प्रचंड दिसतो. तेरास एक हा आकडा टोकाचा होता, आणि मी तो माझ्या घरात, टेकडीच्या वरच्या बाजूला आरामात उभ्या असलेल्या मुलीला लावला.

आणखी एक गोष्ट मला चिप तपासणारा म्हणून तेव्हाच खटकायला हवी होती. तीच सरासरी आणि तेच विचलन घेऊन घंटेच्या आकाराच्या सूत्रात घातलं, तर ७०० च्या वर पन्नासास एक असं काहीतरी उत्तर येतं. प्रत्यक्षात मोजले तेव्हा निघाले तेरा! म्हणजे टोकाला टेकडीचा आकार सूत्राप्रमाणे राहतच नाही. आमच्या धंद्यात मधल्या मालावरून टोकाच्या दोषांचा अंदाज बांधणाऱ्याला माल परत आल्यावर शिव्या खाव्या लागत. टोक मोजावं लागतं.

हे नेमकं विसरणारा गृहस्थ आपल्याच गावात निघाला. १४ जानेवारी २००५ रोजी केंब्रिजमधल्या एका परिषदेत हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी समर्स यांनी विज्ञानात वरच्या जागांवर बायका कमी का, याची तीन कारणं मांडली : अतिकष्टाच्या नोकऱ्या घेण्याची तयारी, टोकाच्या बुद्धिमत्तेतला फरक, आणि संगोपन व भेदभाव. त्यांच्या मते महत्त्वाचा क्रमही हाच. टोकाच्या फरकासाठी त्यांनी बारावीतल्या वरच्या पाच टक्क्यांचे आकडे घेतले, दोनास एक. ते सूत्रात घालून हजारो मुलांतल्या एका असामान्य मुलापर्यंत ताणले आणि पाचास एक काढले. हिशेबात शंभर सुधारणा करता येतील हे त्यांनीही सांगितलं होतं. पण म्हणून तो करून दाखवण्याचं थांबवलं नाही. शिवाय पुराव्यादाखल आपल्या जुळ्या मुलींची गोष्ट सांगितली. त्यांना खेळायला ट्रक दिले, तर त्या म्हणाल्या, हा बाबा ट्रक बाळ ट्रकला घेऊन चाललाय. हार्वर्डचा अध्यक्ष आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक, आणि नमुना दोनचा! आमच्या मंडळातल्या गप्पांत याहून बरा पुरावा मागितला जातो.

त्या भाषणातून नॅन्सी हॉपकिन्स या एम.आय.टी.च्या जीवशास्त्रज्ञ उठून गेल्या. पेपरांनी तेव्हा त्यांची बरीच थट्टा केली, शास्त्रज्ञ बाईला नुसतं ऐकूनच भोवळ आली म्हणून. पण या बाईंचं आधीचं काम फारसं कोणी सांगितलं नाही. आपल्याला प्रयोगशाळेत जागा कमी मिळते असा त्यांना संशय होता. म्हणून १९९० च्या दशकात त्यांनी टेप घेऊन सहकाऱ्यांच्या खोल्या मोजल्या. मग इतर बायकांना विचारलं, कमिटी बसली, १९९९ मध्ये अहवाल छापला गेला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी तो मान्य केला. त्या अहवालातला एक आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. १९९४ साली एम.आय.टी.च्या विज्ञान शाखेत कायम नेमणुकीचे पुरुष प्राध्यापक १९४ आणि बायका १५. भागून पाहा. तेरास एक.

हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मात्र १९९४ साली हा आकडा मला कोणी दाखवला असता तर मी त्याच्याही खाली लाल रेघ मारली असती, बेन्बोबाईंचा पुरावा मिळाला म्हणून. टेप घेऊन मोजायचं माझ्या मनातही आलं नसतं.

तसं पाहिलं तर बॉस्टनला ही खोड जुनीच. १८७३ मध्ये इथल्याच एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांनी पुस्तक लिहून सांगितलं, की मुलींनी मुलग्यांसारखा अभ्यास केला तर सगळं रक्त मेंदूकडे जाईल आणि गर्भाशयाची वाढ खुंटेल. पुस्तक धडाधड खपलं. मेरी पटनम जॅकोबी या डॉक्टरणीनं बायकांच्या नाडीचे आलेख काढले, ताकद मोजली, प्रश्नावल्या भरून घेतल्या, आणि पाळीच्या काळात विश्रांतीची सक्तीची गरज नसते असा निबंध निनावी पाठवून १८७६ चं हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक पटकावलं. निनावी, हे लक्षात घ्या. त्यानंतर सातच वर्षांनी आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या. त्यांना पुणेकरांनी काय काय ऐकवलं ते आपण सगळे कौतुकानं सांगतो. पण त्या ज्या देशात उतरल्या तिथल्या शहाण्यांचं मत फारसं वेगळं नव्हतं, हे सांगायचं राहून जातं.

असो. तेराकडे परत येतो. बेन्बो-स्टॅन्ली यांच्या लेखाचं खरं परीक्षण काळानं केलं. ड्यूक विद्यापीठाचाही असाच टॅलेंट सर्च होता. त्याची तीस वर्षांची, सोळा लाखांहून जास्त मुलांची आकडेवारी २०१० मध्ये छापून आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गणिताच्या अगदी टोकाला साडेतेरास एक. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात चारास एकच्याही आत. दहा वर्षांत! गुणसूत्रं एवढ्या घाईनं बदलत नाहीत. या दहा वर्षांत मुली गणिताचे वरचे वर्ग घेऊ लागल्या, शाळा त्यांची नावं पाठवू लागल्या, आणि काही बाप लेकींना शिबिरांना सोडायला जाऊ लागले असावेत. मी त्यांत नव्हतो.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचं उदाहरण याहून बोलकं आहे. अमेरिका १९७४ पासून त्यात उतरते. पहिली चोवीस वर्षं संघात एकही मुलगी नाही. पहिली आली ती १९९८ मध्ये. त्याच काळात रशिया, बल्गेरिया, जर्मनी यांच्या संघांत मुली येत होत्या. इराणची मरियम मिर्झाखानी १९९४ आणि १९९५ अशी दोन सुवर्णपदकं घेऊन गेली, दुसऱ्या वर्षी पैकीच्या पैकी गुणांसह, आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री झाली. २००८ मध्ये काही गणितज्ञांनी अशा असामान्य मुलींची मोजदाद केली, तेव्हा अमेरिकेतून चमकलेल्यांत पूर्व युरोपातून आणि आशियातून आलेल्यांच्या लेकी पुष्कळ निघाल्या. म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरातल्या. हे वाचून अभिमान वाटावा की नाही, माझं मलाच ठरवता आलं नाही.

आता दुसऱ्या बाजूनं बोलायला हवं, नाहीतर एका लाल रेघेऐवजी दुसरी मारल्यासारखं होईल. चारास एकच्या आसपास आल्यावर ती घसरण मंदावली. एकास एक काही झालं नाही. का, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. २०२२ च्या 'पिसा' परीक्षेत विकसित देशांच्या सरासरीत पंधरा वर्षांचे मुलगे गणितात ९ गुणांनी पुढे होते, आणि वाचनात मुली तब्बल २४ गुणांनी. (या चोवीसबद्दल कोचावर कोणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.) पण हे देशोदेशी बदलतं. आइसलँडमध्ये २००३ साली गणितातही मुली पुढे होत्या. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून बघण्याच्या चाचणीत पुरुष खरंच पुढे असतात, आणि हा फरक लहान नाही. त्याचबरोबर टोरांटोच्या संशोधकांना २००७ मध्ये असंही दिसलं, की दहा तास मारामारीचा व्हिडिओ गेम खेळवला की दोघांचेही गुण वाढतात, बायकांचे जास्त, आणि फरक आटतो. आमच्या बेसमेंटमध्ये निन्टेंडो होता. तो 'त्याचा' होता.

आणि समतेच्या बाजूचं सगळंच संशोधन टिकलं असंही नाही. परीक्षेआधी 'मुली गणितात कमी पडतात' याची नुसती आठवण करून दिली की मुलींचे गुण घसरतात, असा १९९९ चा एक फार गाजलेला प्रयोग आहे. मलाही तो पटकन आवडला. पण २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांवर विद्यार्थी घेऊन तो काटेकोरपणे पुन्हा केला, तेव्हा तसं काही घडलं नाही. आवडता निष्कर्ष दिसला की मी हल्ली पेन खिशात ठेवतो.

एवढं वाचल्यावर एक जुना, छोटासा अभ्यास हाती लागला आणि तो मात्र टोचला. मिशिगनमध्ये जेनिस जेकब्स आणि जॅकलिन एक्ल्स या मुलांच्या गणिताबद्दल आईबापांना काय वाटतं याची पाहणी करत होत्या. मध्येच १९८० चे ते मथळे आले. त्यांनी संधी साधली आणि त्याच आईबापांना पुन्हा विचारलं. मुलींच्या ज्या आयांनी ती बातमी वाचली होती, त्या आपल्या लेकीची गणिताची क्षमता न वाचणाऱ्या आयांपेक्षा कमी लेखू लागल्या होत्या. मधल्या काळात लेकी काही मंद झाल्या नव्हत्या. हे १९८५ साली छापून आलं. माझ्या झेरॉक्सनंतर दोन वर्षांनी, आणि आमच्या घरी ५८० येण्याच्या पाच वर्षं आधी. कंपनीच्या लायब्ररीत तेही मागवता आलं असतं.

अगदी अलीकडचं, २०२५ चं संशोधन फ्रान्समधलं आहे. पंचवीस लाखांहून अधिक मुलांच्या चाचण्या. पहिलीत पाऊल ठेवताना मुलगे-मुली गणितात जवळजवळ बरोबरीनं असतात. चार महिन्यांत मुलगे पुढे जातात, वर्षभरात फरक आणखी वाढतो. आणि तो वयाप्रमाणे वाढण्याऐवजी शाळेत घालवलेल्या काळाप्रमाणे वाढतो. त्या चार महिन्यांत वर्गात आणि घरी काय होतं, हे आता शोधायचं आहे. १९८० च्या लेखातला सगळ्यात कच्चा दुवा मला इथंच दिसतो. एकाच वर्गात बसतात म्हणजे दोघांना सारखंच मिळतं, असं त्यांनी धरलं होतं. आमची दोन मुलं तर एकाच घरात राहत होती.

लेक आता वकील आहे. उलटतपासणीत तिचा हात धरणारं कोणी नाही असं तिचे सहकारी सांगतात, आणि मला त्याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही. तिनं गणित सोडलं ते माझ्यामुळे, असं ती म्हणत नाही. मीही तसं लिहीत नाही, कारण ते मला माहीत नाही. एका मुलीवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे पुन्हा ट्रकची गोष्ट. आमची ही मात्र त्या दिवशी चहा घेऊन खाली आली, झेरॉक्स बघितलं आणि म्हणाली, "तेव्हा आम्ही आत भांडी घासत होतो, पण ऐकू येत होतं हं सगळं."

लेख छापायला देण्याआधी मी तो लेकीला पाठवला, तिच्याबद्दल लिहिलंय म्हणून. तिचं मराठी वाचन सावकाश. उत्तर यायला चार दिवस लागले. "छाप, बाबा. पण माझे ५६० लिहिलेस. ५८० होते." सोबत एका कागदाचा फोटो होता. टॅलेंट सर्चचा मूळ निकाल, घड्यांवर फाटलेला, तिच्या नावाचा. मी ड्रॉवरमध्ये ठेवलेला तो कागद तिनं केव्हा काढून घेतला कोण जाणे.

वरचा आकडा दुरुस्त करून घेतला आहे.